आमसुलाची कॅप्सूल

नेरुळ-उरण लोकल जानेवारी २०२४ मध्ये उरणपर्यंत सुरू झाली आणि आमच्यासारख्या सत्तरी ओलांडलेल्यांची सोय झाली. द्रोणागिरी स्टेशनावर उतरायचं, रिक्षा करायची, की आलो. मागच्या खेपेला व्याख्यान संपल्यावर एका ताईंनी पिशवीतून प्लास्टिकची एक डबी काढून आमच्या हातात ठेवली होती. डबीवर रातांब्याचं छान चित्र, आणि खाली तीन ओळी होत्या. एक, हा नैसर्गिक वनस्पतीचा अर्क आहे. दोन, हा चरबीच्या नव्या पेशी तयार होऊ देत नाही. तीन, यामागे हजारो वर्षांची आयुर्वेदाची परंपरा आहे. ताईंनी विचारलं, "सर, यातलं खरं किती?" आम्ही म्हटलं, वाचून सांगतो. आजचं व्याख्यान म्हणजे ते उत्तर आहे.

आधीच सांगून टाकतो, आमची डॉक्टरेट तत्त्वज्ञानातली आहे. आमच्या नावामागे डॉक्टर लागतं, पण आम्हाला नाडी कळत नाही. त्यामुळे औषध घ्या किंवा घेऊ नका, हे सांगायचा अधिकार आम्हाला नाही. पण एखादं विधान कुठून आलं, केव्हा जन्मलं, आणि वाटेत त्याला काय काय चिकटलं, हे तपासायची सवय आम्हाला चाळीस वर्षं शिकवून लागली आहे. डबीवरच्या त्या तीन ओळींना तीन वेगवेगळ्या जन्मतारखा आहेत, आणि त्यातली एकही हजार वर्षांपूर्वीची नाही.

हा विषय द्रोणागिरीत बोलायचा याची आम्हाला थोडी गंमत वाटते. इथल्या डोंगराची कथा तुम्हाला लहानपणापासून ठाऊक आहे. लक्ष्मण मूर्च्छित पडला, मारुती संजीवनी आणायला गेला, नेमकी वनस्पती कोणती ते त्याला ओळखता येईना, म्हणून त्याने अख्खा पर्वतच उचलला. आणि त्या पर्वताचा तुकडा इथे पडला असं जुनी माणसं सांगतात. विज्ञान नेमकं उलट काम करतं. डोंगरातून एक झाड, झाडातून एक फळ, फळातून साल, सालीतून एक रेणू असं ते वेगळं काढत जातं. दोन्ही पद्धतींचे आपापले फायदे आहेत. गडबड होते ती रेणूबद्दल सिद्ध झालेली गोष्ट पर्वताच्या नावावर विकली जाते तेव्हा, किंवा पर्वताची पुण्याई रेणूला चिकटवली जाते तेव्हा.

तर आधी परंपरा.

कोकम आपलं आहे याबद्दल वाद नाही. झाडाला आणि सालीला कोकम, फळाला रातांबा, वाळवलेल्या सालीला आमसूल, मीठ घातलेल्या रसाला आगळ, आणि गोव्यात भिरंड नि सोलं. एप्रिल-मे महिन्यात रातांबे पिकतात. ते फोडून बिया काढायच्या, साली उन्हात टाकायच्या, पुन्हा रसात बुडवून पुन्हा वाळवायच्या, अशी पाच-सात पुटं दिली की काळीभोर लवलवीत आमसुलं तयार होतात. बियांचं तेल थिजवून केलेला गोळा थंडीत ओठांना आणि टाचांच्या भेगांना लावायचा. कोकणातल्या घराने या फळातलं काहीही फुकट घालवलेलं नाही.

पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता याचा भारतातल्या औषधी द्रव्यांवरचा ग्रंथ १५६३ मध्ये गोव्यात छापला गेला. त्यात 'ब्रिंदाँव' नावाच्या फळाचा उल्लेख आहे. आतून रक्तासारखं लाल, अतिशय आंबट, आणि साल सुकवून व्हिनेगर करण्यासाठी ठेवतात, असं वर्णन. हे आपलंच भिरंड. पुढे या कुळाला गार्सिनिया हे शास्त्रीय नाव मिळालं, तेव्हा पुष्कळ जणांना वाटलं की ते या गार्सियावरून आहे. तसं नाही, ते लोराँ गार्सें नावाच्या दुसऱ्याच एका निसर्ग-अभ्यासकावरून आहे. नावाच्या सारखेपणावरून नातं जोडायचा आपला मोह किती जुना आहे बघा.

आता मुख्य प्रश्न: कोकम चरबी कमी करतं असं आपल्या जुन्या ग्रंथांत आहे का? चरकसंहितेच्या सूत्रस्थानात पन्नास गण दिलेले आहेत. प्रत्येक गणात दहा-दहा द्रव्यं, आणि प्रत्येक गणाचं एक काम. त्यात लेखनीय नावाचा एक गण आहे. लेखन म्हणजे खरवडणं. साठलेला मेद-कफ खरवडून काढणारी ही द्रव्यं. त्यात नागरमोथा, कोष्ठ, हळद, दारुहळद, वेखंड, अतिविष, कुटकी, चित्रक ही मंडळी आहेत. कोकम तिथे नाही. कोकम, म्हणजे संस्कृतातलं वृक्षाम्ल, सापडतं हृद्य गणात. तिथे त्याच्या शेजारी आंबा, करवंद, बोर, डाळिंब, महाळुंग बसलेले आहेत. हृद्य म्हणजे मनाला रुचणारं, हृदयाला हितकर. फळांच्या वर्णनात वृक्षाम्ल वात-कफावर चांगलं म्हटलंय, ते खरं. पण आंबट रसाबद्दल चरकाचं सर्वसाधारण मत असं की तो अन्नाला रुची आणतो, अग्नी पेटवतो आणि देहाचं बृंहण करतो. बृंहण म्हणजे पोषण, वाढ! सोलकढी प्यायल्यावर भात दोन घास जास्त जातो, हा आपला अनुभव चरकाच्या बाजूने आहे, डबीच्या नाही.

चरकाला लठ्ठपणा ठाऊक नव्हता असं मात्र समजू नका. सूत्रस्थानाच्या एकविसाव्या अध्यायात निंदित मानलेल्या आठ देहप्रकारांची चर्चा आहे. अति उंच, अति ठेंगू, अति केसाळ, केसच नसलेला, अति काळा, अति गोरा, अति स्थूल आणि अति कृश. वाचताना आजच्या माणसाला त्यातले पहिले सहा खटकतात, खटकायलाच हवेत. पण चरक त्या सहांवर फार थांबतही नाही. सगळा अध्याय शेवटच्या दोघांवर खर्च करतो. स्थूल माणसाच्या शरीरात मेदच तेवढा वाढत राहतो आणि बाकीचे धातू उपाशी राहतात, असं त्याचं म्हणणं. ही कल्पना तेवढी लक्षात ठेवा. अन्न आहे पण ते चुकीच्या जागी जातंय. आपण शेवटी पुन्हा तिथेच येणार आहोत.

म्हणजे तिसरी ओळ गेली. मग कोकमाचा चरबीशी संबंध जोडला कोणी? म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेने. तिथल्या लुईस आणि नीलकंठन या दोन शास्त्रज्ञांनी १९६५ मध्ये दाखवलं की गार्सिनिया कॅम्बोजियाच्या सालीतलं मुख्य आम्ल हे हायड्रॉक्सीसायट्रिक आम्ल आहे. त्याआधी ते सायट्रिक किंवा चिंचेतलं टार्टारिक असावं असा समज होता. हे कॅम्बोजिया म्हणजे आपलं कोकम नव्हे. तो कोकमाचा दक्षिणेकडचा भाऊ. केरळात कुडमपुळी म्हणतात, माशाच्या कालवणात घालतात. उत्तर कन्नडात त्याला उप्पगे म्हणतात. आपल्या कोकमाच्या सालीतही तेच आम्ल आहे, साधारण दहा टक्क्यांच्या आसपास. कॅम्बोजियात त्याहून जास्त सापडतं. म्हणून बाजारात कॅप्सूल बहुधा भावाची असते आणि डबीवर चित्र आपल्या रातांब्याचं. ताईंच्या डबीवरही बारीक अक्षरात कॅम्बोजियाच लिहिलेलं होतं. आम्हाला भिंग घ्यावं लागलं.

लुईस-नीलकंठन यांना चरबीशी काही देणंघेणं नव्हतं. ते आंबटपणाचं रसायनशास्त्र करत होते. चरबी आली अमेरिकेतून. मॅसॅच्युसेट्समधल्या ब्रँडाइस विद्यापीठात जॉन लोवेन्स्टाइन यांच्या प्रयोगशाळेने १९६९ मध्ये दाखवलं की हे आम्ल सायट्रेट लायेज नावाच्या एन्झाइमला अडवतं. हे एन्झाइम काय करतं? आपण गरजेपेक्षा जास्त भात-पोळी-साखर खाल्ली की त्यातला काही भाग यकृतात चरबीत बदलतो. त्या कारखान्यात कच्चा माल आत घेणारा जो हमाल, तो हा लायेज. हायड्रॉक्सीसायट्रिक आम्ल दिसायला अगदी सायट्रिकसारखं, म्हणून हमाल ते उचलतो, पण ते पुढे जात नाही आणि हमाल तिथेच अडकतो. दोन वर्षांनी उंदरांच्या यकृतावर प्रत्यक्ष प्रयोग झाले आणि चरबीनिर्मिती घटलेली दिसली.

इथपर्यंत सगळं चोख आहे. कुणीही खोटं बोललेलं नाही. पण माणसाचं काय? आपण तेल, तूप, शेंगदाणे, खोबरं यांतून चरबी आयतीच खातो. साखरेपासून नव्याने चरबी बनवण्याचा कारखाना नेहमीचा आहार घेणाऱ्या माणसात फार मोठा नसतो. तो अडवून किती फरक पडणार? याचं उत्तर १९९८ मध्ये आलं. न्यूयॉर्कमध्ये स्टीव्हन हेम्सफील्ड आणि सहकाऱ्यांनी १३५ जाड माणसांवर बारा आठवडे चाचणी घेतली. निम्म्यांना रोज दीड ग्रॅम हायड्रॉक्सीसायट्रिक आम्ल, निम्म्यांना तशीच दिसणारी पोकळ गोळी. दोघांनाही कमी उष्मांकाचा आहार. अर्क घेणाऱ्यांचं वजन सरासरी ३.२ किलोने उतरलं, पोकळ गोळीवाल्यांचं ४.१ किलोने. संख्याशास्त्राच्या दृष्टीने हा फरक नगण्य, म्हणजे पोकळ गोळी सरस असं म्हणता येत नाही; पण अर्क सरस असं तर मुळीच म्हणता येत नाही. जे उतरलं ते आहाराने उतरलं.

याच दशकात इकडे उत्तर कन्नडच्या जंगलात काय चाललं होतं? शिरसी-सिद्धापूरकडे उप्पग्याच्या सालीला अचानक भाव आला. ज्याला शेजारीपाजारी आमटीपुरतं विचारत, ते फळ परदेशी अर्कासाठी गोण्यांनी जायला लागलं. हे फळ पिकतं पावसाळ्यात, त्यामुळे साल उन्हात वाळत नाही, चुलीवर वाळवावी लागते, आणि त्यासाठी जंगलातलंच लाकूड जळतं. दुसऱ्याने आधी तोडू नये म्हणून लोक कच्ची फळं उतरवायला लागले, फांद्या मोडायला लागले. मग भाव जसा चढला तसाच कोसळला. न्यूयॉर्कमधल्या माणसाचं पोट कमी झालं नाही, आणि सह्याद्रीतल्या झाडाची फांदी मात्र गेली. आम्हाला या सगळ्या इतिहासात हा भाग सर्वात जास्त बोचतो. गुग्गुळाचीही कथा साधारण अशीच, थोडक्यात सांगतो. १९६६ मध्ये बनारस हिंदू विद्यापीठात डॉ. सत्यवती यांनी सुश्रुताच्या मेदोरोगाच्या वर्णनावरून गुग्गुळाचा अभ्यास केला. काम उत्तम, पुढे त्यातून औषधही आलं. २००३ च्या अमेरिकन चाचणीत मात्र वाईट कोलेस्टेरॉल घटण्याऐवजी किंचित वाढलेलंच दिसलं. आणि दरम्यान चीक काढून काढून ते झाड अतिसंकटग्रस्त यादीत जाऊन बसलं.

आता दुसरी ओळ, आणि हीच डबीतली खरी हुशार ओळ आहे. "चरबीच्या नव्या पेशी तयार होऊ देत नाही." आतापर्यंत आपण चरबी बनण्याबद्दल बोललो. चरबी साठवणारी पेशी बनणं ही वेगळी गोष्ट. रांजणात पाणी भरणं वेगळं आणि नवा रांजण घडवणं वेगळं. १९९८ च्या चाचणीने पाणी भरण्याचा दावा अडचणीत आला, तेव्हा जाहिरात हळूच रांजणांकडे वळली.

रांजणांचं विज्ञान कुठून आलं ते पाहू. साठच्या दशकाच्या सुरुवातीला न्यूयॉर्कमध्ये जॉर्ज टोडारो आणि हॉवर्ड ग्रीन यांनी उंदराच्या गर्भातल्या पेशी काचेच्या बशीत वाढवल्या. दर तीन दिवसांनी, ठरावीक तीन लाख पेशी नव्या बशीत, या शिस्तीवरून त्यांना ३टी३ असं नाव पडलं. पुढे ग्रीन यांच्या लक्षात आलं की यातल्या काही पेशी बशी भरली की वाढायच्या थांबतात, गोल होतात आणि त्यांच्यात तेलाचे थेंब साठायला लागतात. त्यांनी तो वाण वेगळा केला. ओलानियी केहिंदे यांच्याबरोबरचा त्यांचा लेख १९७४ चा. या ३टी३-एल१ पेशी आज जगभरच्या प्रयोगशाळांत आहेत. त्यांना इन्शुलिन, एक स्टेरॉइड आणि एक उत्तेजक रसायन दिलं की आठ-दहा दिवसांत त्या चरबीपेशी बनतात. मग लाल तैलरंग टाकायचा. जितकी बशी लाल तितकी चरबी जास्त. १९९४ मध्ये ब्रूस स्पीगेलमन यांच्या गटाने या रूपांतराची मुख्य कळ दाखवली, तिला पीपार-गॅमा म्हणतात.

झालं, एक सोपी, स्वस्त परीक्षा हाती आली. बशीत वनस्पतीतला रेणू टाका आणि लाल रंग कमी होतो का बघा. २००० नंतर तर अशा लेखांचा पूर आला. हळदीतलं कर्क्युमिन, दारुहळदीतलं बर्बेरिन, द्राक्षाच्या सालीतलं रेझव्हेराट्रॉल, सोयाबीनमधलं जेनिस्टीन, हिरव्या चहातली कॅटेचिनं, गुग्गुळातलं गुग्गुलस्टेरॉन. आणि कोकमाच्या सालीतलं गार्सिनॉल. २०१२ मध्ये तैवानच्या संशोधकांनी ते बशीत चरबीपेशींचं रूपांतर कमी करतं असं दाखवलं. हळद आणि दारुहळद चरकाच्या लेखनीय गणातही आहेत आणि या यादीतही आहेत. आम्ही हे पहिल्यांदा जुळवून पाहिलं तेव्हा आम्हालाही अंगावर काटा आला, कबूल करतो. मग जरा वेळाने डोकं ठिकाणावर आलं.

आमच्या न्यायशास्त्रात उपाधी नावाची एक सुंदर कल्पना आहे. धूर आहे तिथे अग्नी आहे, हे बरोबर. उलट म्हणून बघा: अग्नी आहे तिथे धूर आहे. हे चुकतं. तापलेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी आहे, धूर नाही. उरणच्या गॅस प्रकल्पाची ज्योत तुम्ही रोज रात्री बघता. तिथेही अग्नीबरोबर लाकडाच्या चुलीसारखा धूर लोटत नाही. मग अग्नीबरोबर धूर केव्हा असतो? ओलं लाकूड असेल तेव्हा. ते ओलं लाकूड म्हणजे उपाधी, न सांगितलेली अट. जुने नैयायिक शिष्याला सारखं विचारत: तुझ्या व्याप्तीत उपाधी कुठे लपलीय?

बशीतल्या प्रयोगाची उपाधी काय? पहिली, मात्रा. बशीत रेणू थेट पेशीवर ओततात. आपण हळद खातो तेव्हा ती पोटात जाते, आतड्यातून फारच थोडी शोषली जाते, आणि यकृत उरलेलीही बदलून टाकतं. बंगळूरच्या सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालयातल्या संशोधकांनी १९९८ मध्ये माणसांना दोन ग्रॅम कर्क्युमिन दिलं. रक्तात ते एकतर सापडलंच नाही किंवा अगदी नाममात्र सापडलं. मिऱ्यातलं पायपरिन सोबत दिल्यावर शोषण कितीतरी पट वाढलं, पण नाममात्राच्या कितीतरी पट म्हणजे शेवटी किती? दुसरी उपाधी अशी की लाल रंग कमी होण्याचं कारण रूपांतर थांबणं हेच असेल असं नाही. पेशी आजारी पडली, मेली, तरी रंग कमीच दिसतो. चांगले संशोधक हे वेगळं तपासतात, सगळेच तितकं नीट नाही. आणि तिसरी म्हणजे ती पेशी उंदराच्या एका गर्भातली, साठ वर्षं काचेत जगलेली. ती म्हणजे तुम्ही-आम्ही नव्हे.

या तिन्ही अटी संशोधकांच्या लेखात बहुतेक वेळा लिहिलेल्या असतात. "असू शकेल", "संभवतं" असे शब्द असतात. लेखातून जाहिरातीत येताना पहिल्यांदा गळतात ते हेच शब्द.

आता समजा, उद्या खरोखरच असा रेणू सापडला की जो माणसाच्या शरीरात नव्या चरबीपेशी होऊ देत नाही. मग तो घ्यावा का? आम्हाला वाटायचं की अर्थात घ्यावा. वाचत गेलो तसं मत बदललं.

प्रौढ माणसात चरबीपेशी नव्याने होतात का, हे मोजायची युक्ती विलक्षण आहे. पन्नास आणि साठच्या दशकात अणुबॉम्बच्या चाचण्यांमुळे हवेत किरणोत्सारी कार्बन वाढला, चाचण्या थांबल्यावर तो उतरत गेला. पेशी ज्या वर्षी जन्मते त्या वर्षीच्या हवेची खूण तिच्या डीएनएत राहते. स्वीडनमध्ये कर्स्टी स्पाल्डिंग आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये यावरून दाखवलं की चरबीपेशींची एकूण संख्या पौगंडावस्थेनंतर जवळपास ठरून जाते, आणि दरवर्षी साधारण दहा टक्के पेशी मरतात नि तितक्याच नव्या येतात. वजन पुष्कळ उतरलं तरी पेशी लहान होतात, संख्या घटत नाही. म्हणजे रांजण तितकेच, पाणी कमी.

आणि रांजण कमी केले, पाणी तेवढंच ठेवलं तर? पाणी घरभर होईल. शरीरात तसंच होतं. ज्यांच्यात जन्मतः चरबीपेशी फार कमी असतात असा एक दुर्मीळ विकार आहे. ती माणसं बारीक दिसतात, पण चरबी यकृतात आणि स्नायूंत साठते आणि तरुणपणीच तीव्र मधुमेह होतो. उलट, मधुमेहाची पायोग्लिटाझोन नावाची गोळी हीच पीपार-गॅमाची कळ दाबते, नव्या चरबीपेशी व्हायला मदत करते, वजन थोडं वाढवते, आणि रक्तातली साखर सुधारते! बशीत ज्या गोष्टीला आपण शत्रू म्हणत होतो ती इथे औषधाच्या बाजूने उभी आहे.

हे आपल्याला जास्त लागू का, ते पुण्यात कळतं. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये एक फोटो छापला. त्यात दोन डॉक्टर शेजारी उभे आहेत, स्वतः याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन. दोघांचा बीएमआय २२.३, अगदी सारखा. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या २१.२ टक्के. स्वतःलाच नमुना म्हणून उभं करायला विनोदबुद्धी लागते, आणि धैर्यही. पुण्याजवळच्या सहा खेड्यांत १९९३ पासून त्यांनी गरोदर बायकांचा आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास सुरू केला. या बाळांचं जन्माचं वजन सरासरी २.७ किलो, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांचं ३.५ किलो. बाळ लहान, स्नायू कमी, पोटातले अवयव लहान. पण पाठीवरच्या कातडीखालची चरबी जवळपास टिकून असलेली. बारीक दिसणारं, आतून मेदाळ बाळ. चरकाने म्हटलं होतं की मेद तेवढा वाढतो आणि बाकीचे धातू उपाशी राहतात. आम्ही चरकाला आधुनिक शास्त्रज्ञ ठरवत नाही, तो खेळ आम्हाला आवडत नाही. पण प्रश्न त्याने बरोबर जागी ठेवला होता.

काही संशोधकांचा कयास असा आहे की दक्षिण आशियातल्या माणसाची कातडीखालची साठवण लवकर भरते आणि मग चरबी पोटात, यकृतात उतू जाते. हा कयास बरोबर असेल तर आपल्या लोकांना रांजण कमी करणारी गोळी देणं हे पुराच्या वेळी धरणाची उंची कमी करण्यासारखं आहे.

आता थोडं घरचं. निवृत्तीनंतर आमचंही पोट पुढे आलं होतं. ओळखीच्या एका गृहस्थांनी अशाच कॅप्सूल आणून दिल्या, कंपनीचं नाव महत्त्वाचं नाही. आम्ही दोन महिने घेतल्या. भूक मंदावली, लघवी पिवळी व्हायला लागली, आम्ही म्हटलं उन्हाळा आहे. रक्त तपासलं तर यकृताचे आकडे नेहमीच्या तिप्पट. डॉक्टरांनी विचारलं, "काही औषध घेता?" आम्ही म्हटलं, "काही नाही." चाळीस वर्षं तर्कशास्त्र शिकवलेला माणूस, आणि खोटं बोललो असंही नव्हतं, कोकमाला औषध म्हणायचं आमच्या डोक्यातच आलं नाही. मुलीने डबी आणून टेबलावर ठेवली तेव्हा उलगडा झाला. कॅप्सूल बंद केल्या, दोन-अडीच महिन्यांत आकडे खाली आले. कॅप्सूलमुळेच झालं हे आम्ही शपथेवर सांगू शकणार नाही. आधी-नंतर म्हणजे कारण-कार्य नव्हे, हे आम्हीच शिकवायचो. पुन्हा घेऊन बघायची मात्र आमची तयारी नाही.

अशा घटना आमच्यापुरत्या नाहीत. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने मे २००९ मध्ये 'हायड्रॉक्सीकट' या उत्पादनाबद्दल इशारा दिला; यकृताच्या त्रासासह २३ गंभीर तक्रारी होत्या, एक मृत्यू होता. त्यात अनेक द्रव्यं असायची, त्यामुळे दोष नक्की कुणाचा ते तेव्हा सांगता येत नव्हतं. पुढे तिथल्या औषधजन्य यकृतविकारांच्या मोठ्या नोंदणीत, २००४ ते २०१८ या काळातल्या १,४१८ रुग्णांपैकी २२ जणांत गार्सिनिया कॅम्बोजियाचा संबंध दिसला. बहुतेकांनी ते हिरव्या चहाच्या अर्काबरोबर घेतलं होतं. विशिष्ट जनुकीय ठेवण असलेल्यांना धोका जास्त दिसला. म्हणजे शंभर जणांना काही होणार नाही, एकशे एकाव्याला होईल, आणि तो कोण ते आधी कळणार नाही.

वेळ संपत आलीय, चिठ्ठ्या आल्यात त्या घेऊ.

पहिली: "मग सोलकढी बंद करायची का?" अहो, नाही. कॅप्सूल म्हणजे आम्ल दाबून भरलेला अर्क, रोज, महिनोन्‌महिने. कालवणातली चार आमसुलं ही वेगळी मात्रा आहे. आगळात मीठ मात्र भरपूर असतं. रक्तदाब असलेल्यांनी तेवढं बघावं.

दुसरी त्या ताईंचीच आहे. त्या आज आल्या आहेत. विचारतात, "मी सहा आठवडे घेतल्या, आता काय करू?" ताई, तुमच्या डबीवर खाली हिरव्या चहाचा अर्कही लिहिलाय. ती डबी उद्या तुमच्या डॉक्टरांकडे न्या, तोंडी सांगू नका, डबीच दाखवा, आणि यकृताची तपासणी करायची का ते त्यांना विचारा. तोपर्यंत घेऊ नका, एवढं मात्र आम्ही सांगतो.

तिसरी चिठ्ठी वेगळीच आहे: "आमच्या परसात कोकमाचं झाड बारा वर्षांचं आहे, एक फळ नाही." मग ते नर असणार. कोकमात नर आणि मादी झाडं वेगळी असतात, आणि बी पेरून वाढवलेल्या रोपांत साधारण निम्मी नर निघतात. तोडू नका. त्याच्यावर मादी झाडाच्या काडीचं कलम बांधता येतं. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने कोकण अमृता आणि कोकण हातीस असे दोन वाण दिलेले आहेत, रोपवाटिकेत कलमंही मिळतात. एखाददुसरी नर फांदी मात्र राहू द्या, परागासाठी लागेल.